केम्निट्झला निघण्याआधी: परदेशात राहून माणूस नेमका कशाने घडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा एक मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, ऑक्टोबरपासून जर्मनीत केम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला चालला आहे. घरचे, कॉलेजचे सर, आधी गेलेले सीनिअर असं सगळेच त्याला सांगतात की बाहेर राहिलं की माणूस घडतो. त्याला विचारायचं आहे की नेमकं काय घडतं, ते आपोआप होतं का, आणि दोन वर्षांत जमतील तितके देश फिरून घेतले तर ते जास्त होईल का.

मी स्वतः जर्मनीत शिकले, तिथे काही वर्षं नोकरी केली आणि आता पुण्यात जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना जर्मन शिकवते. तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरेच करते.

सरळ उत्तर आधी देते. आपोआप काही होत नाही. तिथे जाऊन डिग्री घेतली, चांगली नोकरी लागली, पण विचार करण्याची, माणसांशी वागण्याची रीत तसूभरही हलली नाही, असे कितीतरी जण मी पाहिले आहेत. याउलट एका वर्षात पार वेगळी होऊन आलेली मुलंही पाहिली आहेत. दोघांनीही विमानप्रवास सारखाच केला होता. फरक एवढाच होता की दुसरी मुलं तिथल्या अनोळखी माणसांवर, त्यांच्या भाषेत, त्यांच्या रीतीने अवलंबून राहिली आणि ते अवघड वाटू लागल्यावरही त्यातून बाजूला झाली नाहीत.

आणि देशांच्या संख्येबद्दल मी फार ठाम आहे. संख्या वाढवू नकोस. हे फक्त माझं मत नाही, यावर मानसशास्त्रात चांगलं काम झालं आहे. विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या 2009 च्या अभ्यासांत सर्जनशीलतेचा संबंध परदेशात राहण्याशी दिसला, परदेशी फिरून येण्याशी दिसला नाही. 2018 मध्ये हायो अ‍ॅडम आणि सहकाऱ्यांनी ‘मी कोण आहे’ याची स्पष्टता तपासली. ती किती देशांत राहिलात यावर नव्हे, तर किती काळ राहिलात यावर ठरत होती. कारण त्यांनी नीट मांडलं आहे: बाहेर राहताना माणूस स्वतःला सारखं विचारत राहतो की ही सवय माझी आहे की मला घरातून मिळालेली आहे, आणि या विचाराला वेळ लागतो. त्याच्या आदल्या वर्षी, 2017 मध्ये, आलेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. पुष्कळ देशांचा वरवरचा अनुभव असलेल्यांमध्ये नियम वाकवण्याकडे कल जास्त आढळला. सगळीकडे वेगळंच चालतं, मग खरं-खोटं असं काही नसतंच, अशी समजूत होऊन बसते. एका जागी खोल राहण्यातून तसं होत नव्हतं.

आता तुझ्या रोजच्या जगण्यात हे कुठे घडतं ते सांगते.

पहिली गोष्ट, तुझी ओळख तिथे चालणार नाही. नाशिकमध्ये तुझ्या मागे किती माणसं उभी आहेत याचा विचार कर. बँकेत काकांच्या ओळखीचे कुणीतरी असतात, गॅसचं काम बाबा करतात, कॉलेजात ‘अमुक सरांचा विद्यार्थी’ म्हटलं की दार उघडतं. केम्निट्झमध्ये राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद मागायचा तू, भेटीची वेळ घ्यायची तू, खिडकीपलीकडच्या बाईंना तुटक्या जर्मनमध्ये समजावायचं तू. मग पत्रं येऊ लागतात. जर्मनीत अजूनही महत्त्वाचं सगळं टपालाने येतं: आरोग्यविमा, परदेशी नागरिकांचं कार्यालय, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. ही वर्गणी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो असते, तुझ्याकडे टीव्ही असो वा नसो. कितीतरी मुलं ती पत्रं न फोडता टेबलावर ठेवतात, कारण वाचून समजत नाही आणि भीती वाटते. पैसे थकतात, दंडाची नोटीस येते.

माझ्याकडून एक गोष्ट ऐकशील तर ही ऐक: आलेलं पत्र त्याच दिवशी फोड. समजलं नाही तर अनुवादाच्या अ‍ॅपमध्ये टाक, शेजाऱ्याला विचार, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात घेऊन जा, पण फोड. मोठं होणं म्हणून लोक जे काही सांगतात त्यातला मोठा भाग मी या एका कृतीत होताना पाहिला आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, चोविसाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या नावाने एकही कागद हाताळलेला नसतो. तो आत्मविश्वास भाषणांनी येत नाही. ज्याची भीती वाटत होती तो कागद आपण मार्गी लावला, हे स्वतःला कळल्यावर येतो.

दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. शक्य झालं तर पहिल्या वर्षी सहा मराठी मुलांनी मिळून फ्लॅट घेऊ नका. स्टुडंट हॉस्टेलमध्ये किंवा वेगवेगळ्या देशांच्या मुलांच्या सामायिक घरात राहा, ज्याला तिथे ‘वेगे’ म्हणतात. यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण पालक नेमका याच्या उलट सल्ला देतात.

सांगलीची एक विद्यार्थिनी अशा घरात राहत होती. तिघे जर्मन, एक स्पॅनिश आणि ही. भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता होता. हिला घरी शिकवलेलं की कुणी काम केलं नाही तर आपण करून टाकावं, बोलून दाखवू नये. ती महिनोन्महिने इतरांची भांडी घासत राहिली, मनातल्या मनात चिडत राहिली, आणि घरी फोनवर सांगत राहिली की इथले लोक आळशी आणि स्वार्थी आहेत. एके दिवशी त्यातल्याच एका मुलीने तिला शांतपणे विचारलं, “तू माझी भांडी का घासतेस? मला वाटलं तुला ते आवडतं.” त्या वाक्याने ती हादरली. तिथे न बोललेला राग कुणी ओळखून घेत नाही. तो ओळखण्याची जबाबदारी समोरच्यावर आहे असं कुणी मानतच नाही. हिने मग पहिल्यांदा, आवाज न चढवता, समोर बसून सांगितलं की मला हे आवडत नाही आणि पुढच्या आठवड्यापासून मी फक्त माझ्या पाळीचं काम करेन. काहीही बिघडलं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवण केलं.

तिला जे मिळालं ते जर्मन लोकांचं अनुकरण नव्हतं, हे लक्षात घे. आपल्याकडच्या न बोलता समजून घेण्यात मायाही खूप आहे, आणि ती तिने सोडलेली नाही. पण आता तिच्याकडे दोन रीती आहेत आणि कधी कुठली वापरायची हे ती निवडते. मी ज्याला वाढ म्हणते ती हीच, एकाच्या जागी दोन रस्ते असणं. ती मुलगी पुढे घरी परतल्यावर लग्नाच्या बोलण्यात स्वतःची मतं न रडता, न भांडता मांडू शकली. त्याचं मूळ त्या भांड्यांत आहे असं ती स्वतः म्हणते.

तिसरी गोष्ट भाषा. तुझा कोर्स इंग्रजीत असेल आणि सीनिअर सांगतील की जर्मनवाचून काही अडत नाही. वर्गात अडत नाही, हे खरं. पण इंग्रजीवर राहिलास तर तू दोन वर्षं पाहुणाच राहशील, आणि पाहुण्याला कुणी आतल्या खोलीत नेत नाही. केम्निट्झ म्हणजे बर्लिन नव्हे. हा भाग 1990 पर्यंत कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होता. तिथली पन्नाशीच्या पुढची पिढी शाळेत सक्तीने रशियन शिकली, इंग्रजी सगळ्यांना नव्हती. बेकरीतल्या बाई, ट्रॅमचा चालक, खालच्या मजल्यावरचे आजोबा यांच्याशी बोलायला जर्मनच लागेल.

परक्या भाषेत बोलताना फार लहान झाल्यासारखं वाटतं. मराठीत तू विनोदी असशील, हजरजबाबी असशील. जर्मनमध्ये सुरुवातीला तू फक्त हो, नाही, आणि माफ करा म्हणणारा एक माणूस असतोस. हुशार मुलांना हे सोसत नाही आणि ती परत आपल्या गटात शिरतात. मी सांगते, त्या अवघडलेपणातच थांब. आपली हुशारी आपल्या शब्दांमुळे किती दिसत होती, आणि शब्द काढून घेतल्यावर आपण कोण उरतो, हे तेव्हा कळतं. आणि घरी ज्यांना आपण ‘त्याला धड बोलता येत नाही’ म्हणून बाजूला सारलं त्यांच्याकडे पाहण्याची नजर कायमची बदलते. पुण्यात कामाला आलेल्या बिहारी सुताराशी माझा एक विद्यार्थी परतल्यावर ज्या आदराने बोलत होता, तो आदर त्याने जर्मन व्याकरण शिकताना कमावला होता.

अभ्यासाबद्दल फार सांगत नाही, ते विद्यापीठ सांगेलच. एकच सांगते. प्राध्यापकांच्या भेटीची ठरलेली वेळ असते, तिथे जा, आणि पटलं नाही तर आकडे घेऊन तसं सांग. आपल्याकडे सरांना विरोध म्हणजे उद्धटपणा, ही भीती हाडात मुरलेली असते. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे प्रस्थ होते. इरावतीबाईंचा विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता. तिचा वंशाशी संबंध असावा, ही मार्गदर्शकांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. भारतातून गेलेली पंचविशीची बाई, परकी भाषा, समोर त्या क्षेत्रातला सर्वांत वजनदार माणूस, आणि तरी जे मोजलं तेच लिहिलं. बर्लिनला गेलास तर डालेम भागात ईनं रस्त्यावर 22 क्रमांकाची, फिशर यांच्या मानववंशशास्त्र संस्थेची इमारत आहे, आता तिथे फ्री युनिव्हर्सिटी भरते आणि त्या संस्थेने केलेल्या गुन्ह्यांची आठवण देणारी पाटी लावलेली आहे. ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोर फोटो काढून झाल्यावर तासभर तिकडे जा.

आता कठीण भागाकडे येते. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरं लिसगार यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास मांडला. त्यात सहा ते अठरा महिने राहिलेले लोक सर्वांत कमी रुळलेले होते. त्याहून कमी राहिलेले आणि त्याहून जास्त राहिलेले, दोघेही बरे होते. पुढच्या संशोधनात हा नमुना सगळ्यांना लागू पडला नाही, आणि माझ्याही अनुभवात पुष्कळांची घसरण पहिल्याच नोव्हेंबरात सुरू होते. डिसेंबरात केम्निट्झला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. परीक्षा जवळ, खात्यातले पैसे मोजके. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात, त्यात भाडं, विमा, जेवण सगळं. त्यात घरी दिवाळी आपल्यावाचून झालेली असते.

या काळाबद्दल लोक फार रोमँटिक बोलतात की दुःखातूनच माणूस घडतो. मला हे मान्य नाही, आणि तुला बजावून सांगते. उदास वाटणं आणि आजारी पडणं यात फरक आहे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, वर्गाला जाववत नाही, असं झालं तर ते सोसून कुणी मोठं होत नाही. जर्मन विद्यापीठांच्या विद्यार्थी सेवा संस्थेत मानसिक समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी मोफत, पुष्कळदा इंग्रजीतही. तिथे जायला कमीपणा मानू नकोस. आईबाबांना काळजी वाटेल म्हणून ‘सगळं छान आहे’ असं दर रविवारी सांगत राहणाऱ्या मुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

त्याचप्रमाणे वर्णद्वेष. केम्निट्झमध्ये 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात परदेशी लोकांविरुद्ध मोठी निदर्शनं आणि हल्ले झाले होते, आणि त्याच शहरात त्या हल्ल्यांच्या निषेधार्थ हजारोंच्या संख्येने लोक एका संगीत कार्यक्रमाला जमले होते. शहर दोन्ही प्रकारच्या माणसांचं आहे. कुणी अपमान केला तर तो धडा म्हणून गिळू नकोस. जागा सोड, कुणाला तरी सांग, गरज पडली तर पोलिसांत नोंद कर. पण त्या एका माणसावरून खालच्या मजल्यावरच्या आजोबांना नमस्कार करणं थांबवू नकोस.

त्या आजोबांबद्दल मला विशेष बोलायचं आहे. 1953 ते 1990 या काळात केम्निट्झचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. शहराच्या मध्यभागी अजून मार्क्सचं सात मीटरचं डोकं उभं आहे. साठीच्या पुढचा जो माणूस तुला भेटेल, त्याने देश न सोडता देश बदललेला पाहिला आहे, कारण 1990 मध्ये पूर्व जर्मनी पश्चिम जर्मनीत विलीन झाली. एका वर्षात चलन बदललं, कायदे बदलले, कारखाने बंद पडले, ज्या यंत्रांवर आयुष्य घालवलं ती भंगारात गेली, तरुण मुलं पश्चिमेकडे निघून गेली. तीन लाखांवर असलेली वस्ती अडीच लाखांच्या आसपास आली. तू मेकॅनिकलचा आहेस. कापड उद्योगाच्या यंत्रांमुळे या गावाला सॅक्सनीचं, म्हणजे तिथल्या राज्याचं, मँचेस्टर म्हणत. तिथल्या औद्योगिक संग्रहालयात जा, आणि मग एखाद्या निवृत्त कामगाराला विचार की 1990 नंतर तुमचं काय झालं. नवखेपण, परकेपण, पुन्हा शून्यापासून शिकणं याबद्दल त्या माणसाला तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असेल. माझ्या ओळखीतल्या मुलांना तिथे जे सर्वांत खोल संवाद घडले ते अशा लोकांशी घडले, वर्गातल्या मित्रांशी नव्हे.

पण अशी माणसं भेटणार कुठे? रस्त्यात जर्मन माणूस बोलत नाही. तो बोलतो आपल्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात. गाण्याचं, टेबल टेनिसचं, डोंगर चढण्याचं, बागकामाचं, स्वयंसेवी अग्निशमन दलाचं, प्रत्येक गोष्टीचं मंडळ असतं. पहिल्याच सत्रात एकात नाव घाल आणि दर आठवड्याला जा. क्रिकेटचं सोडून दुसरं निवड, कारण क्रिकेटमध्ये पुन्हा आपलेच भेटतील. तीन-चार महिने कुणी फारसं बोलणार नाही. नंतर एक दिवस कुणीतरी घरी बोलावतं, आणि ते बोलावणं खरं असतं. येना विद्यापीठाच्या युलिया त्सिमरमान आणि फ्रांझ नायर यांनी 2013 मध्ये परदेशी शिकायला गेलेल्या जर्मन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जाऊन आलेल्यांच्या स्वभावात मोकळेपणा वाढला, अस्वस्थपणा कमी झाला, आणि त्यामागचं मोठं कारण तिथे जुळलेले नवे परदेशी संबंध होते. नव्या माणसांशिवाय बाकीचं सगळं फिकं पडतं.

आपली माणसं तोडायची, असा याचा अर्थ मुळीच नाही. गणपतीला महाराष्ट्र मंडळात जा, भरपूर मोदक खा, आजारी पडलास तर वरण-भात आणून देणारा मराठी मित्र हवाच. फक्त आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी तिथे जाऊ देऊ नकोस.

आता फिरण्याबद्दल. शनिवारी पहाटे बसने निघून रविवारी रात्री परत, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, असे दौरे तू करशीलच, आणि एक-दोनदा करावेतही, तुझं वय आहे. पण मी सांगते ते फिरणं वेगळं आहे. लोकल गाड्यांचं देशभराचं मासिक तिकीट 2023 पासून मिळतं. त्यावर केम्निट्झहून लाइपझिश तासाभरात येतं. तिथे एकट्याने जा, आणि पुन्हा पुन्हा जा. पहिल्यांदा निकोलाय चर्च नुसतं बघशील. दुसऱ्यांदा जाशील तेव्हा वाचून गेलेला असशील की 9 ऑक्टोबर 1989 च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध सुमारे 70,000 लोक इथून मोर्चाने निघाले, समोर सशस्त्र दल उभं होतं आणि गोळी सुटली नाही. तिसऱ्यांदा कदाचित त्या मोर्चात असलेलं कुणीतरी भेटेल. एकाच जागेचे असे थर उलगडायला लागले की घरी परतल्यावर पंचवटी आणि भद्रकालीतली गल्लीही वेगळी दिसते. चालताना फुटपाथवर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील, त्या घरातून नाझींनी नेलेल्या माणसांची नावं त्यांवर आहेत. गुंटर डेमनिश या कलाकाराने सुरू केलेल्या या कामात युरोपभर एक लाखाहून जास्त असे दगड बसले आहेत. थांबून वाच. स्वतःच्या समाजाने केलेला अन्याय स्वतःच्या दारात लिहून ठेवणारं गाव पाहिल्यावर आपल्या गावाबद्दल काही प्रश्न पडतीलच, आणि ते पडू देत.

आणि डिसेंबरात एर्त्सगेबिर्गं डोंगरात जा, तुझ्या शहराला लागूनच आहे. खाणकामाचा हा प्रदेश 2019 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे घराघरांच्या खिडकीत लाकडी कमानीवर दिवे लावलेले असतात. हिवाळ्यात खाणकामगार अंधारात खाली उतरत आणि अंधारातच वर येत, म्हणून घरी उजेडाचं इतकं महत्त्व, असं तिथले लोक सांगतात. दिवाळी चुकलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, ते समजतं.

परतीबद्दलही आत्ताच सांगून ठेवते, कारण त्याची तयारी कुणी करत नाही. दोन वर्षांनी किंवा पाच वर्षांनी घरी आलास तर तू बदललेला असशील आणि घरच्यांच्या मनात तू निघालास त्याच दिवसाचा असशील. ‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढू नकोस. बदल दाखवायचा असेल तर स्वतःचं ताट उचल, आईला बसव आणि स्वयंपाक कर, आणि वडिलांशी मतभेद असेल तर समोर बसून सांग. ते ऐकतील, जरा वेळ लागेल.

आता तुझ्या हातात निघेपर्यंत काही महिने आहेत. नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन जर्मनची ए-2 पातळी पूर्ण करून जा, नुसती ए-1, म्हणजे अगदी पहिली पातळी, रेल्वेस्थानकापलीकडे पोचवत नाही. घरी रोजचा स्वयंपाक करायला आजपासून घे. बँकेचं, विम्याचं, व्हिसाचं प्रत्येक काम एजंटकडे किंवा बाबांकडे न देता स्वतः कर, चुकलं तर चुकू दे, इथे चुकलेलं सुधारायला माणसं आहेत. आणि राहण्याची जागा शोधताना सीनिअरच्या फ्लॅटमधली रिकामी खोली सर्वांत सोपी वाटेल. हॉस्टेलचा अर्जही त्याच दिवशी भरून ठेव, कारण तिथली प्रतीक्षायादी लांब असते.